खुंटीवरची माळ

बाबा, आज चक्की बंद आहे. पाटीवर खडूनं ठळक लिहून ठेवलंय, तरी लोक ज्वारीचे डबे घेऊन येतात, शटर बडवतात आणि मी आतून ओरडते, "वाचता येत नाही का जी?" बाहेरून उत्तर येतं, "काकू, एवढं एक पायलीभर दळून द्या ना." दारव्ह्याची माणसं अशीच. मशीन बंद असली तरी बाई चालू असली पाहिजे. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलंय, म्हणून मी खिडकीशी बसून आहे, आणि बसून बसून जीव वैतागला म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेल्यावर जन्मलेल्या पोरांची आता लग्नं होऊन राहिली. एवढ्या काळात तुम्हाला कधी लिहावंसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण मागच्या बुधवारी मला एक गोष्ट कळली, आणि ती ज्याला सांगावी असं माणूस तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

सुरुवात हळदीपासून झाली. होळी झाली की वर्षाची हळद आणि तिखट दळायला बायांची रांग लागते, तुम्ही पाहिलं आहे. तुमचे जावई गेल्यापासून चक्की मीच चालवते, आणि त्या महिन्यात मी कधी पिवळी असते, कधी लाल. केसांत हळद, नखांत हळद, नाकात हळद, दुसऱ्या दिवशी चहालाही तोच वास. त्यामुळे या वर्षी हात पिवळे दिसायला लागले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. अंगाला खाज सुटली, तर म्हटलं तिखट उडालं असेल. जेवण जाईना, तर म्हटलं ऊन वाढलंय. लघवी मोहरीच्या तेलासारखी व्हायला लागली, तेव्हा म्हटलं पाणी कमी पितेस बाई तू. एक म्हातारी रांगेत बसल्या बसल्या माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय व, या वयात हळद लागली का तुले?" सगळ्या बाया खदखदून हसल्या. मीही हसले. म्हटलं, "हो ना, नवरदेव पाहून राह्यली, तुह्याकडे आहे का कोणी?" आणखी हसल्या. घरी गेले तेव्हा मात्र ते हसू कुठं गेलं कोणास ठाऊक. घरात शिरल्यावर 'आली का?' म्हणणारं कोणी नाही, तिथं लग्नाची थट्टा फार वेळ टिकत नाही.

डोळ्याच्या आत हळद कशी जाईल, एवढं साधं माझ्या टाळक्यात आलं नाही. काविळीच्या माळा घालणाऱ्या माणसाची पोरगी मी! लोक कुठून कुठून आपल्या अंगणात यायचे आणि तुम्ही नुसती पापणी खाली ओढून सांगायचे, आहे की नाही. आणि त्याच घरातली मी, पापणी सोडून सगळं अंग आरशात पाहत होते.

ते अंगण मला अजून जसंच्या तसं दिसतं. फुलसावंगीकडून येणारी पायवाट आपल्या कडूनिंबाशी संपते, आणि रविवारी अन् बुधवारी दिवस उगवायच्या आत तिथं माणसं बसलेली असतात. उपाशीपोटी यायचं, नारळ आणायचा, पैसे द्यायचे नाहीत, निघताना 'येतो' म्हणायचं नाही आणि मागे वळून पाहायचं नाही. तुम्ही आदल्या संध्याकाळी नाल्याकाठून त्या वेलीच्या काड्या आणता. वेलीचं नाव इथं लिहीत नाही, तुमची शपथ आहे. काड्यांचे बोटाएवढे तुकडे करता, कच्च्या सुताच्या गाठीत एकेक अडकवता आणि डोक्यावर मुकुटासारखी बसेल एवढीच माळ करता. सकाळी एकेकाला पुढ्यात बसवायचं, मारुतीचं नाव घ्यायचं, माळ डोक्यावर ठेवायची, आणि मग दोन्ही हात त्या माळेवर ठेवून डोळे मिटायचे. माळ दिवसागणिक वाढायची. कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, आणि पायातून निघेल एवढी झाली की कावीळ उतरली. मग ती नाल्याच्या वाहत्या पाण्यात सोडायची. मी चुलीशी आईच्या आडून पाहत बसायची. तुमचे हात किती वेळ त्या परक्या माणसांच्या डोक्यावर असायचे! बैलाच्या पाठीवरून फिरायचे तेवढेच ते हात मऊ असायचे, घरात नाही. मला वाटायचं, मलाही एकदा कावीळ व्हावी.

आणि एकदा ती खुंटीची गोष्ट झाली. तुमची जास्तीची एक माळ घरातल्या खुंटीवर राहून गेली होती. कोणी आलं नसेल तिला. मी रोज शाळेत जाताना तिच्याकडे पाहायची, आणि पाहता पाहता ती लांब होत गेली. खाली ठेवलेल्या रांजणाच्या तोंडाला लागली. काड्या वाळून बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या, सूत सुटत गेलं. माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पुढच्या रविवारी भर अंगणात, माणसं बसलेली असताना मी ओरडले, "बाबा, खुंटीलेही कावीळ झालती का? तिची माळ पाहा किती मोठी झाली!" दोन-तीन जण हसले. तुम्ही हसला नाहीत. उठलात, माझा दंड धरलात आणि मला मागच्या दारी नेऊन म्हणालात, "चूप. एकदम चूप. पुन्हा हा शब्द तोंडातून काढशील तर पाहा." मारलं नाहीत, पण दंडावर बोटं उमटली. संध्याकाळी वावरातून येताना बैलगाडीत मला पुढे बसवलंत, आणि बैलांकडे पाहत पाहत बोललात, "पाहा पोरी, लोकाईचा जीव त्या माळेले टांगला असते. ज्याचा टांगला आहे त्याले खुंटी दाखवू नये." मला तेव्हा ते काही कळलं नाही. दंड दुखत होता तेवढं कळत होतं.

मग मला खरंच कावीळ झाली. मी सातवीत होते. नवसानं मागितल्यासारखी झाली. मी आनंदानं आईला डोळे दाखवले आणि अंगणात तुमच्या पुढ्यात जाऊन बसले, पाटावर, मांडी घालून, डोकं खाली करून. तुम्ही पापणी ओढून पाहिलीत आणि उठून आत गेलात. आई म्हणाली, "घाला ना मंग तिले." तुम्ही म्हणालात, "रक्ताले लागत नाही. आपल्या हातची माळ आपल्या रक्ताले लागू पडत नाही, नेम आहे तसा." दुसऱ्या दिवशी अंधारातच आपण निघालो. पुसदच्या दवाखान्यात मला सलाईन लावलं, तुम्ही माझ्या खाटेखाली घोंगडी टाकून झोपलात, आणि मला ग्लुकोजच्या पावडरीचा डबा आणून दिलात, संत्र्याच्या वासाचा. मी ती पावडर पाण्यात न टाकता बोटानं चाटून संपवली. डॉक्टर म्हणाले, ही आपोआपच उतरणारी कावीळ आहे, आराम करू द्या, तेलकट देऊ नका, बस. गावात तुम्ही सांगून ठेवलं होतं की पोरगी मामाकडे गेली. मी मात्र कितीतरी दिवस रुसून होते. दवाखाना नको होता मला. मला माळ पाहिजे होती.

हे सगळं मी विसरले होते, बाबा. म्हणजे विसरले नव्हते, पण अडगळीत पडलं होतं. ते बाहेर आलं ते यवतमाळला, सोनोग्राफीच्या खाटेवर. हळदीचा हंगाम सरला, चार वेळा साबण लावून आंघोळ केली, तरी पिवळेपणा जाईना, आणि शौचाला पांढरट, चुन्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा कुठं मी आरशासमोर पापणी खाली ओढून पाहिली, आत पिवळंधमक. शेवटी तुमचंही असंच झालं होतं. तीच खाज, तेच पांढरं, तोच जेवणाचा कंटाळा. मी सकाळची गाडी पकडली आणि यवतमाळ गाठलं.

तिथले डॉक्टर तरुण आहेत, पण माणूस सरळ. कागदाच्या पाठीमागे त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. हे लिव्हर, इथं पित्त तयार होतं. ही त्याची पिशवी, तुमच्या पिशवीत खडे आहेत. हे मागचं स्वादुपिंड, त्याचा पाचक रस वेगळा. पण दोघांच्या नळ्या शेवटी एकाच तोंडाशी येऊन आतड्यात उघडतात. पिशवीतला एक खडा घसरून त्या नळीत आलाय आणि तोंडाशी बसलाय. पित्ताला वाट नाही, म्हणून ते रक्तात चढतंय आणि तुम्ही पिवळ्या होताय. जास्त दिवस राहिलं तर तुंबलेल्या पित्तात पू होतो, स्वादुपिंड सुजतं, आणि मग ते जिवावर बेततं. "मग पोट फाडणार का?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही काकू. तोंडातून दुर्बीण टाकायची, जठराच्या पुढे, त्या तोंडापर्यंत. तिथून बारीक तार नळीत घालायची, औषध सोडून एक्स-रेवर खडा पाहायचा, तोंड जरासं कापून मोठं करायचं आणि फुग्यानं खडा खाली ओढून घ्यायचा. ईआरसीपी म्हणतात याला." मी म्हटलं, "बोलायले सोपं आहे." ते म्हणाले, "करायला नाही. शंभर टक्के धोका नाही असं मी म्हणणार नाही. कधी रक्त जातं, कधी यानंच स्वादुपिंड सुजतं. पण खडा तसाच ठेवणं याच्यापेक्षा वाईट."

मला ते चित्र पाहून पहिल्यांदा काय आठवलं असेल सांगा. तिफण. आई चाड्यावर, त्या वरच्या लाकडी वाटीवर, मूठ धरून चालते आहे, तीन नळ्यांतून बी जमिनीच्या तीन तासांत, तीन ओळींत, पडतंय, आणि तुम्ही एकदम बैल थांबवता. वरून मूठ चालू आहे, बी चाड्यात जातंय, पण एका नळीच्या तोंडाशी ओली माती चोंदली आहे आणि ते तास रिकामं चाललंय. आईला ते वरून कळत नाही, तुम्हाला मागे पाहिल्यावर कळतं. तुम्ही गुडघ्यावर बसता, कमरेची तार काढता, नळीच्या तोंडात घालून हलकेच फिरवता, एक ढेकूळ निघतं आणि अडकलेलं बी भसकन पायावर पडतं. तुम्ही म्हणायचे, "वरून कितीही टाका, खालचं तोंड मोकळं पाहिजे." एवढंच तर आहे, बाबा. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं ते तुम्ही मला वावरात दाखवून बसला होता. फक्त तुम्हाला कोणी हे सांगितलं नाही की तुमच्या पोटातही तीच नळी आहे.

मग आलं ते 'सोबत कोण'. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "मी आहे." ती म्हणाली, "तुम्ही पेशंट ना काकू. सोबत कोण?" मी म्हटलं, "मी पेशंट बी आहे अन् सोबत बी मीच आहे, दोन्ही कामं जमतात मले." तिला हसू आलं, पण नेम तो नेम. भुलीचं औषध देणार, तासाभरानं शुद्ध येणार, काही झालं तर कोणाला सांगायचं? आपलं माणूस घेऊन या, मग तारीख. मी परत दारव्ह्याला आले. जीपमध्ये मागच्या सीटवर बसून मी डोक्यात एकेक माणूस काढत होते आणि एकेक खोडत होते. नवरा गेला. लेकरू झालं नाही. जावा-दिरांशी बोलणं नवऱ्याच्या तेरवीनंतर राहिलं नाही. शेजारीण चांगली आहे, पण तिचा नवरा लकव्यानं पडलेला, ती त्याला सोडून कुठं येणार? चक्कीवर रोज एवढी माणसं येतात, सगळ्यांचे डबे मी झाकणावरून ओळखते, कोणाकडे पाहुणे आले ते पिठावरून सांगते, पण दवाखान्याच्या बाकावर बसायला एक माणूस निघेना. त्या दिवशी मी फार रडले, बाबा. आजारापायी नाही, 'सोबत कोण'पायी.

असं करत चार दिवस मी नुसतेच घालवले, आणि मग दुपारी चक्कीतच थंडी वाजून आली. एवढ्या उन्हात दात वाजायला लागले. ती थंडी मी ओळखते. तुमच्या खाटेची लाकडं हलत होती त्या थंडीनं. मी मशीन बंद केली, एका बाईचा डबा तसाच अर्धा राहिला, आणि चुलतभावाला फोन लावला. तुमच्या पुतण्याला. तुमच्यामागे माळा आता तोच घालतो, त्याच कडूनिंबाखाली. लग्नाकार्याशिवाय आमचं बोलणं नाही. मी म्हटलं, "भाऊ, उद्या यवतमाळले यावं लागते माह्यासाठी." तो म्हणाला, "उद्या बुधवार आहे बाई." मी फोन कानाला धरूनच ठेवला.  मग तोच म्हणाला, "येतो. कावीळ आहे का?" माझ्या आवाजावरून त्याला कसं कळलं देव जाणे. घराण्याचा गुण असेल.

तो खरंच आला. अंगणात बसलेली माणसं परत पाठवून, पहिल्या एसटीनं, शबनम पिशवीत भाकरी, ठेचा आणि केळीच्या पानात गुंडाळलेली ओली माळ घेऊन. मी आदल्या रात्रीच एकटी यवतमाळला पोचले होते, आणि ताप पाहून तिथं आधीच सलाईनमधून औषधं सुरू केली होती, पाणीही बंद होतं. तो खाटेशी उभा राहिला, पापणी ओढली, अगदी तुमच्यासारखी, आणि माळ बाहेर काढली. मी म्हटलं, "राहू दे भाऊ. रक्ताले लागत नाही, बाबा म्हणत होते. तसा नेम आहे." तो माझ्याकडे पाहतच राहिला. "कोणता नेम? असा काही नेम नाही बाई. आज्यानं काकाले लहानपणी सोताच्या हातानं घातलती. काकानं मले घातली, आठ दिवसांत उतरली माही. मी माह्या पोरीले घातली मागच्या साली. मी काकाच्या रक्ताचा नाही का?" आणि मग भोळेपणानं विचारलं त्यानं, "तुले मंग काहून नाही घातली काकानं?"

बाबा, त्या क्षणी मला सगळं कळलं. खुंटी, बैलगाडी, पुसदचा दवाखाना, मामाच्या गावचं खोटं. तुम्हाला ठाऊक होतं. माळ खुंटीवरही वाढते हे तुम्ही माझ्याही आधी पाहिलं होतं. जगाला तुम्ही माळ घातली, सख्ख्या भावाच्या पोराला घातली, आणि स्वतःच्या पोरीची वेळ आली तेव्हा तुमचे हात उचलले गेले नाहीत. नेम काढलात एक, जागच्या जागी. तुमचा पुतण्या माझ्या तोंडाकडे पाहत होता आणि मी त्याला काय सांगू? की काकाचा तुझ्यापेक्षा माझ्यावर जीव जास्त होता? की जी माळ तू बुधवार मोडून माझ्यासाठी आणलीस, तिच्यावर काकाचाच भरवसा नव्हता? ज्याचा जीव टांगला आहे त्याला खुंटी दाखवू नये. मी म्हटलं, "मले काय माहीत. बाबाची गोष्ट बाबाच जाणे." तो मान हलवून भाकरीचं फडकं सोडायला लागला.

माझा तुमच्यावर राग आहे. तो आज सांगूनच टाकते. मला वाचवलंत, मग स्वतःला काहून नाही? तुम्ही पिवळे झालात तेव्हा मी दारव्ह्याहून धावत आले होते. मी म्हटलं, आजच यवतमाळला चला, गाडी घेऊन आले आहे. अंगणात अर्धं गाव जमलेलं, आणि शेजारच्या गावचा माळवाला येऊन बसलेला. सगळे म्हणाले, याईनं साऱ्या मुलखाले बरं केलं, आता याईले बरं करा. तुम्ही त्या सगळ्यांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि पाटावर बसलात. डोकं खाली केलंत. परक्या माणसानं तुम्हाला माळ घातली. ती तुमच्या छातीवर आली, पोटावर आली, आणि तुम्ही आणखीनच पिवळे. "रविवार होऊ दे, माणसं यायची आहेत," म्हणत रविवारामागून रविवार गेले. थंडी-ताप भरला तेव्हा कुठं गाडीत घातलं तुम्हाला, आणि ती गाडी दवाखान्यात पोचूनही उपयोग झाला नाही. जिथं माळेनं भागलं असतं तिथं तुम्ही दवाखाना केलात, आणि जिथं दवाखान्याशिवाय गत नव्हती तिथं माळ घालून घेतलीत. लोकांचा विश्वास मोडू नये म्हणून ना? भल्या माणसा, लोकांचा विश्वास राहिला आणि मी बिनबापाची झाले. हा कोणता हिशेब?

आत नेण्याआधी मी डॉक्टरांना विचारलं. माझ्या वडिलांना असंच होतं, खाज, पांढरी शौच, मग थंडी. खडाच असेल का? हे तेव्हा केलं असतं तर? ते म्हणाले, "खडा असेल, गाठही असेल. आता कसं सांगू काकू?" खोटा दिलासा दिला नाही त्यांनी, बरं वाटलं मला. मग बांगड्या काढल्या, घशात कडू फवारा मारला, पालथं झोपवून मान एका कुशीला वळवली आणि दातांत प्लास्टिकची कडी दिली, दुर्बिणीला चावू नये म्हणून. तोंडात कडी असल्यावर माणसाला काही बोलता येत नाही. माझ्यासारखीला ती मोठीच शिक्षा. दार लावताना मला बाकावर भाऊ दिसला, शबनम मांडीवर, दोन्ही हात शबनमवर. मग सुई टोचली आणि पुढचं मला ठाऊक नाही.

शुद्धीवर आले तेव्हा घसा खरखरत होता आणि पोट फुगल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, खडा निघाला, मागून गढूळ पित्त सुटलं, वाट मोकळी राहावी म्हणून बारीक प्लास्टिकची नळी ठेवली आहे, ती काही आठवड्यांनी काढू, मग पिशवीचं ऑपरेशन. मी म्हटलं, "खडा दाखवा." ते हसले, "आतड्यात ढकलला काकू, तो आपल्या वाटेनं जाईल." एवढा छळला त्यानं, तोंडही न दाखवता गेला. रात्रभर पोटावर लक्ष ठेवलं, दुखणं वाढलं नाही, सकाळी पाण्याचा घोट दिला. भाऊ तोवर तिथंच होता. परतीला त्यानं मला दारव्ह्यापर्यंत आणलं, घराचं कुलूप उघडलं, माठ धुऊन पाणी भरलं. आणि निघायच्या आधी पुन्हा ती केळीच्या पानातली माळ काढली. म्हणाला, "आता तरी घालू का? दवाखाना झाला ना तुहा. हे माह्या समाधानासाठी." मी नाही म्हणणार होते. माझ्या पोटात नळी आहे, पित्त वाहतंय, लघवीचा रंगही फिकटला, मला कशाला माळ? पण मी पाटावर बसले. डोकं खाली केलं.

त्यानं मारुतीचं नाव घेतलं, माळ ठेवली, आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून डोळे मिटले. किती वेळ, मी मोजलं नाही. तुमचे जावई गेल्यापासून माझ्या डोक्यावर कोणाचे हात पडले नव्हते, बाबा. मग तो 'येतो' न म्हणता गेला, आणि मी मागे वळून पाहिलं नाही. नेम आहे तसा, हा मात्र खरा.

आता बाहेर पुन्हा कोणीतरी शटर वाजवून राहिलंय. वाजवू दे. हे पत्र मी कुठं पाठवणार? चुलीत घालीन, नाहीतर दळणाच्या डब्याखाली राहील. तुमची गोष्ट मी कोणाला सांगणार नाही, तुमच्या पुतण्याला तर मुळीच नाही, त्याच्या अंगणात माणसं बसतात. डोळे माझे जवळजवळ पांढरे झाले आहेत, तपासणीत आकडेही उतरलेत. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, पण माळ अजून काढलेली नाही. पोलक्याच्या आत आहे, काल छातीशी होती, आज पोटावर आली. ती का वाढते ते मला सातवीच्याही आधीपासून ठाऊक आहे. तरी रोज सकाळी उठल्यावर पहिला हात तिच्यावर जातो, आणि आणखी थोडी खाली आली असली की बरं वाटतं.